नुसतं पाहिलं तरी टेबल अडकलं: काजू कारखान्यातल्या एका संध्याकाळचं प्रकरण

पार्श्वभूमी

वेंगुर्ले तालुक्यातला हा मध्यम आकाराचा काजू प्रक्रिया कारखाना. मालकांच्या विनंतीवरून नाव-गाव गाळलं आहे. बी वाफवणं, फोडणं, गर सुकवणं, सोलणं, प्रतवारी आणि डबे भरणं, सगळं एकाच आवारात चालतं. सोलणीला आणि प्रतवारीला बसतात त्या बहुतेक आसपासच्या वाड्यांमधल्या बायका. त्यांची मजुरी किलोवर. दिवसभर सोललेला गर संध्याकाळी काट्यावर येतो, तिथे बसलेली मुलगी कामगार क्रमांक आणि वजन संगणकात टाकते आणि त्या नोंदींवरून पंधरवड्याचा पगार निघतो. ही नोंद चुकली तर थेट कुणाच्या तरी घरखर्चाला कात्री लागते. हे प्रकरण नुसतं तांत्रिक म्हणून वाचता येत नाही, ते त्यामुळेच.

कारखान्याच्या ऑफिसात एक छोटा सर्व्हर आहे, त्यावर पोस्टग्रेस १३ हा डेटाबेस, म्हणजे सगळ्या नोंदी टेबलांत (तक्त्यांत) सांभाळणारी प्रणाली. वजनाचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं आणि डेटाबेसशी एका वेळी जास्तीत जास्त २० कनेक्शन, म्हणजे जोडण्या, उघडतं. सॉफ्टवेअर बनवणारी मंडळी बाहेरगावी, ती दुरून जोडणी करून बदल करतात. माझ्याकडे सर्व्हर आणि बॅकअप यांची देखभाल.

तिसरी व्यक्ती म्हणजे हिशेब सांभाळणाऱ्या ताई. सॉफ्टवेअरमधला पगाराचा अहवाल त्यांना पुरत नव्हता. कोणत्या लॉटला सोलणीचा खर्च किती आला, तुकडा किती निघाला, हे त्यांना हवं होतं. म्हणून त्यांनी स्वतः एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, शिकून घेतलं आणि असे प्रश्न (क्वेरी) चालवणारं एक मोफत टूल बसवून त्या अहवाल काढू लागल्या. ही फार कौतुकाची गोष्ट आहे, आणि पुढे जे घडलं त्यावरून त्यांचा हा अधिकार काढून घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही. लॉगिन मात्र त्यांना सॉफ्टवेअरचंच दिलेलं होतं. टेबलांची मालकी असलेलं, सगळं करू शकणारं.

अडचण

मे महिन्याचा दिवस. दुपारी लाईट येत-जात होती, यूपीएस अधूनमधून ओरडत होता. अडीचच्या सुमाराला ताईंनी पगाराचा अहवाल चालवला, आकडे एक्सेलमध्ये घेतले आणि टूल तसंच उघडं ठेवून त्या बँकेच्या कामाला कुडाळला गेल्या.

पावणेपाचला काट्यावरचा पडदा थांबला. ‘जतन करा’ दाबलं की चक्र फिरत राहायचं. मुलीने पुन्हा दाबलं, पान ताजं केलं, संगणक बंद करून चालू केला. दुसऱ्या काट्यावरही तेच. पाच वाजले तेव्हा गराच्या परड्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची रांग दारापर्यंत आली होती. “आमचा वजन वहीत लिवन घे गो, एस्टी सुटतली,” असा धोशा सुरू झाला. सुपरवायझर काकींनी जुनी वही काढली आणि वजनं हाताने लिहायला घेतली. त्यांचा हा निर्णय पुढे फार मोलाचा ठरला.

पाच-दहा मिनिटांत गेटपासचा पडदाही बंद पडला. खरं तर त्याचा वजनाच्या टेबलाशी काही संबंध नाही. पण वजनाच्या अडकलेल्या मागण्यांनी सॉफ्टवेअरची २० च्या २० कनेक्शन धरून ठेवली होती, त्यामुळे दुसऱ्या कुठल्याही कामाला कनेक्शन उरलं नाही. बाहेर माल भरलेला टेम्पो उभा. सगळ्यांचा संशय साहजिकच दुपारच्या लाईटवर आणि नेटवर गेला.

तपास

मला फोन आला तेव्हा सर्व्हरवर शिरायला काहीच अडचण नव्हती. प्रोसेसर शांत, डिस्क शांत, मेमरी मोकळी. यंत्र निवांत आहे आणि तरी माणसं खोळंबली आहेत, असं दिसलं की मी आधी लॉककडे, म्हणजे कोणी टेबल धरून ठेवलंय का त्याकडे, बघतो.

पोस्टग्रेसमध्ये कोण काय करतंय ते ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’ या यादीत दिसतं, आणि एखाद्या सेशनला (डेटाबेसशी उघडलेल्या एका जोडणीला) कोणी अडवलंय ते ‘पीजी_ब्लॉकिंग_पिड्स’ हे फंक्शन सांगतं. यादीत वजनाच्या नोंदींचे बरेच ‘इन्सर्ट’ (नवी ओळ घालण्याच्या आज्ञा) लॉकसाठी थांबलेले होते. त्या सगळ्यांच्या पुढे एक ‘ऑल्टर टेबल’ (टेबलाची रचना बदलणारी आज्ञा), तोही थांबलेला. आणि त्या ऑल्टरला अडवणारं सेशन होतं ताईंच्या टूलचं. त्याची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’, म्हणजे ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्का किंवा रद्द होणारा कामांचा गट) उघडं ठेवून नुसतं बसलेलं, शेवटची क्वेरी अडीच वाजताचा ‘सिलेक्ट’, म्हणजे वाचन.

ऑल्टर सॉफ्टवेअरवाल्यांच्या तरुण डेव्हलपरने दुरून चालवला होता. वजनाच्या टेबलात ओलाव्याचा एक नवा कॉलम हवा होता. डीफॉल्ट (आपोआप भरली जाणारी) किंमत नसलेला, रिकामा राहू शकणारा कॉलम जोडणं पोस्टग्रेससाठी क्षणाचं काम आहे. टेबलातल्या ओळींना हात लागत नाही, फक्त टेबलाची व्याख्या बदलते. ठरावीक डीफॉल्ट असला तरी २०१८ च्या ११ व्या आवृत्तीपासून टेबल पुन्हा लिहावं लागत नाही. त्यामुळे दिवसाढवळ्या चालवायला हरकत नाही, असं त्याला वाटलं. उत्तर येईना तेव्हा टेबल मोठं असेल, वेळ लागेल, असं समजून तो थांबून राहिला.

आता नेमकं काय झालं ते सावकाश बघू, कारण लोक हमखास गोंधळतात ते इथेच.

साधा सिलेक्टसुद्धा टेबलावर लॉक घेतो. तो सगळ्यात सौम्य प्रकारचा, ‘अ‍ॅक्सेस शेअर’. त्याने वाचणाऱ्यांना किंवा लिहिणाऱ्यांना काही अडत नाही. म्हणूनच अडीच ते पावणेपाच एकही तक्रार नव्हती, वजनं व्यवस्थित चढत होती. पण हा लॉक क्वेरी संपल्यावर सुटत नाही, ट्रान्झॅक्शन संपल्यावर सुटतो. टूलमध्ये ऑटो-कमिट (प्रत्येक क्वेरीनंतर ट्रान्झॅक्शन आपोआप पक्कं करून संपवणं) चालू असेल तर दोन्ही एकाच वेळी होतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. ताईंच्या टूलमध्ये ते बंद होतं. त्यांनी मुद्दाम बंद केलं नव्हतं. कनेक्शन तयार करताना त्यांनी ‘प्रॉडक्शन’ हा प्रकार निवडला होता, कारण डेटा खरा आहे आणि लाल रंग दिसला की आपण जपून राहू. त्या टूलमध्ये हा प्रकार निवडला की ऑटो-कमिट आपोआप बंद होतं. चुकून बदल झाला तर परत फिरवता यावा, हा त्यामागचा हेतू. पण मग कमिट (पक्कं करणं) किंवा रोलबॅक (परत फिरवणं) केल्याशिवाय नुसत्या सिलेक्टचं ट्रान्झॅक्शनही उघडंच राहतं.

ऑल्टरला लागतो ‘अ‍ॅक्सेस एक्सक्लुझिव्ह’, सगळ्यात कडक लॉक. तो बाकी कुठल्याही लॉकबरोबर नांदत नाही, अगदी अ‍ॅक्सेस शेअरबरोबरही नाही. म्हणून ऑल्टर थांबला. आणि पोस्टग्रेसमधली लॉकची रांग साधारणपणे क्रमाने चालते. रांगेत कडक मागणी उभी असेल तर तिच्याशी न जुळणारी मागून आलेली प्रत्येक मागणी तिच्या पाठीमागेच उभी राहते. व्हाळावरच्या साकवावर कोणी एका बाजूला बसलेलं असलं तरी बाकीचे त्याच्या शेजारून जात असतात. पण आडवी शिडी घेतलेला माणूस साकवाच्या तोंडाशी ‘पूर्ण मोकळा होऊ दे’ म्हणून उभा राहिला, की मागच्या सगळ्यांची वाट बंद. इथे बसलेला सिलेक्ट, शिडीवाला ऑल्टर आणि खोळंबलेल्या त्या परडीवाल्या बायका.

फोनवर ‘डेडलॉक झालाय का’ असं दोघांनी विचारलं. डेडलॉकमध्ये दोन सेशन एकमेकांसाठी अडून बसतात. पोस्टग्रेस ते ओळखतो आणि एकाला रद्द करून गाठ सोडवतो. इथे तसं चक्र नव्हतं, सरळ रांग होती. तिच्यात सोडवण्यासारखी गाठ नाही, त्यामुळे डेटाबेस निमूटपणे वाट बघत राहतो. लॉकसाठी किती वेळ थांबायचं याची मर्यादा, ‘लॉक_टाइमआउट’, मुळात शून्य असते, म्हणजे कितीही वेळ.

समोर असलेले पर्याय

मालकांचा पहिला आग्रह सर्व्हर बंद करून चालू करण्याचा होता. त्याने मार्ग मोकळा झाला असता हे खरं. सगळी सेशन तुटली असती, लॉक सुटले असते. पण कारण कळलं नसतं, आणि त्या वेळी अर्धवट असलेलं दुसरं खरं काम, असलंच तर, तेही गेलं असतं. असा उपाय एकदा लागू पडला की तो सवयीचा होतो आणि पुढच्या वेळी कोणी यादी उघडूनही बघत नाही. मी थोडा वेळ मागून घेतला.

दुसरा पर्याय ताईंचं सेशन तोडण्याचा. मूळ तिथेच होतं, त्यामुळे तोच सरळ वाटतो. पण यादीत त्या सेशनची फक्त शेवटची क्वेरी दिसते. त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्याआधी एखादी दुरुस्ती केलेली असेल आणि कमिट राहिलं असेल, तर सेशन तोडताच ती परत फिरेल. शेवटी सिलेक्ट दिसतो म्हणजे नुसतं वाचनच झालं, असं धरून चालता येत नाही. हे तपासायची सोय मात्र आहे. त्याच यादीत ‘बॅकएंड_एक्सआयडी’ हा रकाना असतो. ट्रान्झॅक्शनने काही लिहिलं असेल तर तिथे क्रमांक दिसतो, नुसतं वाचन असेल तर तो रिकामा. इथे रिकामा होता. लॉकच्या यादीतही त्या सेशनच्या नावावर अ‍ॅक्सेस शेअरखेरीज टेबलांवरचा दुसरा लॉक नव्हता.

तिसरा पर्याय ऑल्टर रद्द करण्याचा. तो मला सगळ्यात निर्धोक वाटला. ऑल्टरने अजून काहीच केलेलं नव्हतं, तो दारातच होता. तो बाजूला झाला की सिलेक्टचं सेशन उघडं असूनही वजनं पुन्हा चढू लागली असती, जशी दुपारभर चढत होती. चौथा पर्याय ताईंना फोन करून रोलबॅक करायला सांगण्याचा. त्या बँकेत होत्या आणि फोन उचलत नव्हत्या.

ऑल्टर रद्द करणं योग्य, हे लगेच ठरलं. तरी मी तो लगेच रद्द केला नाही, कारण प्रश्न पुढे होता. रांगेतले ते इन्सर्ट कोणाचे? एकच वजन दोनदा-तीनदा पाठवलं गेलं होतं हे मुलीच्या सांगण्यावरून स्पष्ट होतं. ब्राउझर बंद केला म्हणून सर्व्हरवर थांबलेली मागणी नाहीशी झाली नव्हती. ऑल्टर काढताच ते सगळे एका दमात टेबलात गेले असते आणि एकाच बाईच्या नावावर एकच परडी तीनदा लागली असती. कोणती खरी आणि कोणती दुबार, हे यादीत बघून ठरवता येत नव्हतं. सॉफ्टवेअर आकडे वेगळे पाठवतं, त्यामुळे क्वेरीच्या मजकुरात कामगार क्रमांकाच्या आणि वजनाच्या जागी ‘डॉलर १’, ‘डॉलर २’ अशा नुसत्या खुणा दिसतात.

मग विश्वास कशावर ठेवायचा? काकींच्या वहीवर. मी काकींना विचारलं की पडदा थांबल्यापासूनची सगळी वजनं वहीत आहेत का. त्यांनी सांगितलं, पहिल्या दोन बायकांची राहिली होती, पण त्यांच्या परड्या बाजूला ठेवल्या आहेत, पुन्हा वजन करता येईल. त्यावर निर्णय झाला: रांगेतले सगळे इन्सर्ट रद्द, वही खरी.

केलेली कृती

आधी दोन्ही काट्यांवर सांगितलं की आता कोणीही काहीही दाबायचं नाही, फक्त वही. मग यादीची आणि लॉकची नक्कल फाइलमध्ये काढून ठेवली. घाईत हेच राहून जातं आणि नंतर चर्चा नुसत्या आठवणींवर चालते.

त्यानंतर थांबलेले इन्सर्ट ‘पीजी_कॅन्सल_बॅकएंड’ने रद्द केले. डेव्हलपरला फोन करून ऑल्टर त्यानेच थांबवावा असं सांगितलं. कोणीतरी परस्पर तोडण्यापेक्षा चालवणाऱ्याने स्वतः थांबवलेलं बरं, निदान तो ते पुन्हा चालवत नाही. इन्सर्ट रद्द होताच कनेक्शन मोकळी झाली होती, त्यामुळे गेटपासचा पडदा उघडला आणि टेम्पो सुटला. ऑल्टर गेल्यावर काट्यावर एक चाचणी नोंद लगेच चढली.

ताईंचा फोन थोड्या वेळाने आला. मी काय करतोय ते त्यांना सांगितलं, एक्सेलची फाइल जतन केली आहे याची खात्री करून घेतली आणि मग सेशन ‘पीजी_टर्मिनेट_बॅकएंड’ने तोडलं. इथे कॅन्सल चालत नाही. ते चालू क्वेरी थांबवतं, आणि या सेशनमध्ये चालू क्वेरीच नव्हती. अनेक जण इथे कॅन्सल करून बघतात, काही होत नाही म्हणून घाबरतात आणि थेट सर्व्हर बंद करतात.

बायका एस्टीला गेल्या. वहीतल्या नोंदी त्याच संध्याकाळी काकी आणि काट्यावरची मुलगी यांनी मिळून संगणकात टाकल्या, प्रत्येक ओळीवर दोघींची सही. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलणीच्या खोलीत ती पानं वाचून दाखवली. ही सूचना काकींची. ज्यांच्या मजुरीचा प्रश्न, त्यांनी आपापलं वजन कानांनी ऐकावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

रात्री आठनंतर डेव्हलपरने तोच ऑल्टर पुन्हा चालवला, या वेळी आधी लॉक_टाइमआउट ३ सेकंद ठेवून. तो क्षणात झाला.

परिणाम

वजनांची नोंद साधारण पाऊण तास बंद होती. पंधरवड्याच्या पगारात एकही तक्रार आली नाही. त्याचं श्रेय मी डेटाबेसच्या कुठल्याही फंक्शनला देणार नाही, ते वहीचं आहे.

नंतर जे बदल केले त्यातला सगळ्यात उपयोगी म्हणजे ताईंसाठी वेगळं, फक्त वाचायचं लॉगिन. त्यावर ‘आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट’ ५ मिनिटांचा ठेवला. ही सोय २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे, पण मुळात बंद असते. उघडं ट्रान्झॅक्शन ५ मिनिटं नुसतं पडून राहिलं की सर्व्हर ते सेशन स्वतःच तोडतो. टूलमध्ये त्या कनेक्शनचं ऑटो-कमिटही चालू केलं. पण सगळी भिस्त त्यावर नको, टूल बदललं किंवा संगणक बदलला की ती खूण पुन्हा मूळपदावर येते. सर्व्हरवरची मर्यादा तशीच राहते.

एका सेकंदापेक्षा जास्त लॉकसाठी थांबावं लागलं तर लॉगमध्ये नोंद व्हावी म्हणून ‘लॉग_लॉक_वेट्स’ चालू केलं. सॉफ्टवेअरवाल्यांनी टेबलाच्या व्याख्येतले बदल रात्री आठनंतर आणि लॉक_टाइमआउट लावूनच करायचं मान्य केलं.

वेगळं काय करता आलं असतं

ऑटो-कमिट सगळीकडे सक्तीने चालू ठेवावं, असं मालकांचं मत होतं. मला ते पटत नाही. ज्याला हाताने दुरुस्ती करावी लागते त्याच्यासाठी कमिट आपल्या ताब्यात असणं हे फार मोठं संरक्षण आहे. ‘व्हेअर’ (कोणत्या ओळी बदलायच्या ही अट) विसरलेला एक ‘अपडेट’ (दुरुस्तीची आज्ञा) काय करतो ते ज्याने पाहिलंय तो हे संरक्षण सोडणार नाही. वाचणाऱ्याचं आणि दुरुस्ती करणाऱ्याचं लॉगिन वेगळं ठेवलं की दोघांना वेगळे नियम लावता येतात. हे विभाजन पहिल्या दिवशीच व्हायला हवं होतं.

अहवालांसाठी डेटाबेसची दुसरी प्रत ठेवावी, असाही विचार झाला. या आकाराच्या कारखान्याला ते झेपण्यासारखं नाही, आणि तिथेही लांबलेला सिलेक्ट आणि मुख्य सर्व्हरवरून आलेला ऑल्टर यांची टक्कर होतेच. तो विषय सोडून दिला.

डेव्हलपरच्या बाजूने पाहिलं तर त्याच्याकडे कळण्याजोगी एक खूण होती. क्षणाचं काम अर्धा मिनिट झालं नाही, म्हणजे ते चालू नाही, थांबलेलं आहे. तेव्हाच त्याने रद्द केलं असतं तर रांग फार तर दोन-चार परड्यांची झाली असती. ऑल्टरआधी त्या टेबलावर कोणाचं जुनं ट्रान्झॅक्शन उघडं आहे का ते बघायची एक छोटी क्वेरी आता त्याला लिहून दिली आहे.

दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांनी हे प्रकरण आपलं नाही असं समजू नये. मायएसक्यूएलमध्ये ५.५ पासून मेटाडेटा लॉक (टेबलाच्या व्याख्येवरचा लॉक) आहे, उघड्या ट्रान्झॅक्शनमधला सिलेक्ट तिथेही ऑल्टरला अडवतो आणि ऑल्टर मागच्यांना. अडवणारं सेशन यादीत ‘स्लीप’ असं झोपलेलं दिसतं, त्यामुळे नजर त्याच्यावरून सरकून जाते. ‘लॉक_वेट_टाइमआउट’ची मूळ किंमत तिथे ३१५३६००० सेकंद आहे, म्हणजे एक वर्ष. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तऱ्हा वेगळी, पण टूलने निकालाच्या सगळ्या ओळी ओढून घेतल्या नाहीत तर वाचनाचे लॉक काही वेळा तसेच अडकून राहतात.

एक काम अजून बाकी आहे. ‘जतन करा’ दाबताना प्रत्येक परडीला आधीच एक क्रमांक मिळावा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर डेटाबेसने तो नाकारावा, अशी मागणी सॉफ्टवेअरवाल्यांकडे दिली आहे. सोलणीच्या काट्यावर ते झालं. प्रतवारीच्या काट्यावर, जिथे एकाच बाईचे डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० (अख्ख्या गराच्या आकारावरून प्रती) आणि पाकळी असे वेगवेगळे ढीग एकामागून एक येतात, तिथे क्रमांक बाईला द्यायचा की ढिगाला, हे काकींबरोबर बसून ठरवायचं आहे.